घाट उतरून समुद्रपक्षी बघायला जाताय? या चुका टाळा

रंकाळा, कळंबा, राजाराम तलाव इथं वर्षभर दुर्बीण घेऊन फिरणाऱ्या कोल्हापूरच्या मंडळींना दसरा-दिवाळीच्या सुमारास समुद्राची ओढ लागते. ती रास्तच आहे. ऑगस्टपासून उत्तरेकडून येऊ लागलेले चिखल्या, तुतारी, कुरव, सुरय असे पक्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यांवर आणि खाड्यांच्या मुखाशी चांगलेच जमलेले असतात. गगनबावडा, फोंडा, आंबोली, कुठलाही घाट उतरा, साधारण साडेतीन-चार तासांत आपण त्यांच्यापुढं उभे असतो. तरीही बरेच गट संध्याकाळी 'लांबून काहीतरी दिसलं' एवढंच सांगत परततात. पक्षी तिथं असतात. पण भरतीची वेळ हुकलेली असते, उजेड डोळ्यांवर आलेला असतो, आणि जे दिसलं त्याची नोंद अशी झालेली असते की पुढं ती कुणाच्याच कामाची राहत नाही. यातलं बहुतेक सगळं आदल्या आठवड्यात घरी बसून सावरता येतं.

रविवार बघितला, तिथी नाही बघितली

सगळ्यांत जास्त दिवस वाया जातात ते या चुकीनं, म्हणून आधी तीच सविस्तर.

कळंब्याचं पाणी सकाळी जिथं असतं तिथंच दुपारी असतं. त्यामुळं लवकर पोचलं की झालं, अशी आपल्याला सवय. समुद्रावर लवकर पोचून भागत नाही. ओहोटीला चिखल आणि वाळू लांबवर उघडी पडते आणि चिखल्या-तुतारी त्या सगळ्या पट्ट्यात पांगून किडे, गांडुळासारखे जीव, बारीक शिंपले वेचत असतात. दुर्बिणीत नुसते ठिपके दिसतात. भरती चढायला लागली की पाणी त्यांना तुमच्याकडं ढकलत आणतं. पाणी पूर्ण भरलं की ते उंच पुळणीवर, खडकावर एकत्र गोळा होऊन विसावतात. म्हणजे बघायला उत्तम वेळ कोणती, तर भरती पूर्ण व्हायच्या आधीचे दोन-अडीच तास.

ही वेळ काढायचा कोकणातला जुना हिशोब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, येईल तो भरतीचा तास. पक्ष शुक्ल असो की वद्य, हिशोब एकच. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, आणि ऐन दुपारी बाराला पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारच्या अलीकडं.

आता हे कोल्हापूरहून निघणाऱ्याच्या घड्याळाशी जुळवून बघा. पहाटे चारला निघून आठच्या आसपास किनाऱ्यावर पोचणाऱ्याला द्वादशी ते अमावास्या किंवा पौर्णिमा हे दिवस सोन्यासारखे. तेव्हा भरती नऊ ते सव्वाअकराच्या दरम्यान भरते, म्हणजे तुम्ही पोचता तेव्हा पाणी चढतच असतं. द्वादशीला मात्र अर्धा तास आधी निघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं, पाणी वरपर्यंत येतं आणि चिखलावरचे बहुतेक पक्षी उठून एका जागी येतात. याउलट अष्टमी-नवमीला भांगाची भरती. पाणी धड वर चढत नाही, धड लांब जात नाही, आणि आठला पोचलेल्या माणसापुढून पक्षी दुपारपर्यंत लांब लांब जात राहतात. तोच रविवार मोकळा असेल तर उघड्या किनाऱ्याचा नाद सोडा आणि अरुंद खाडी धरा. कांदळवनाच्या कडेनं, दोन्ही काठ दुर्बिणीच्या टप्प्यात येतील अशी. तिथं ओहोटीतही पक्षी जवळ असतात.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाची अमावास्या ते भाऊबीज हे दिवस भरतीच्या हिशोबानं चांगले, पण गर्दीच्या हिशोबानं वाईट. त्यापेक्षा त्रिपुरी पौर्णिमेच्या आधीचे दोन-तीन दिवस मला जास्त पटतात.

हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास मागंपुढं होतोच. जायच्या ठिकाणाचं भरतीचं वेळापत्रक बघून पक्कं करा, आणि ते मुंबईचं नको. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडं सरकते, त्यामुळं मालवण-वेंगुर्ल्याला ती मुंबईच्या आधी येते. मुंबईचा तक्ता धरून बसलेला गट मालवणात उशीरच करतो.

याच चुकीची दुसरी बाजू जिवावरची आहे. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो, ओहोटीत त्यावर चालत जाता येतं, आणि नजर दुर्बिणीत असताना मागच्या खोलगट भागात पाणी भरतं. पुढं समुद्र, मागं प्रवाह. अनोळखी दांड्यावर भरती चढताना जाऊ नका, आणि चिखलात तर विचारल्याशिवाय पाऊलच टाकू नका. ओहोटीत कालवं नि तिसऱ्या काढायला आलेल्या बायकांना त्या खाडीचा वीत न् वीत माहीत असतो. 'मावशी, पाखरं कुठं बसतात?' एवढं विचारलं की त्या हातानं दाखवतात, 'पाणी भरला की थंय पुळणीर बसतत.' तुमच्या नकाशावर ती पुळण बहुधा नसते.

दुपारी पोचणं

आपला किनारा पश्चिमेकडं तोंड करून आहे. सकाळी सूर्य पाठीमागून येतो आणि समोरच्या पक्ष्यावर स्वच्छ उजेड पडतो. पायाचा रंग, चोचीचं टोक, पंखावरची पट्टी सगळं दिसतं. दुपारी दोननंतर तोच पक्षी चकाकत्या पाण्यावरची काळी आकृती होतो. त्यात ऑक्टोबरची ऊन्हं. अकरानंतर तापलेल्या वाळूवरून हवा थरथरते आणि चांगल्या दुर्बिणीतही कडा पाझरलेल्या दिसतात. अशा वेळी भिंगाला दोष देऊ नका, जवळच्या पक्ष्यांकडं वळा किंवा सावलीत बसून याद्या नीट करा. वाटेत मिसळीला थांबायचं असेल तर येताना थांबा. गगनबावड्याला पहाटे धुकं असतं आणि पावसाळ्यानंतर घाटात दरडीची, रस्त्याची कामं चालतात. कुठला घाट चालू आहे हे आदल्या रात्री विचारूनच निघा.

थव्याच्या रोखानं चालत जाणं

भरतीला पुळणीवर विसावलेला थवा म्हणजे हजारो किलोमीटर उडून आलेले आणि पुढच्या ओहोटीची वाट बघत ताकद राखणारे पक्षी. त्यांच्याकडं सरळ चालत गेलं की ते उठतात, चक्कर मारून पुन्हा बसतात, पुन्हा कुणीतरी जातं, पुन्हा उठतात. एका भरतीत असं चार-पाच वेळा झालं तर त्यांनी राखलेली ताकद उडण्यातच खर्ची पडते. फोटोसाठी थवा उडवणं तर अजिबात नको. पुळणीवर गाडी घालणं, ड्रोन उडवणंही नको.

करायचं काय? थव्याच्या पुढं जाऊन, पाण्याच्या रेषेपासून थोडं वर, खाली बसून राहा. पाणी चढेल तसे ते स्वतःच सरकत येतात. माना वर झाल्या, चरणं थांबलं, एक-दोघं चालायला लागले, की तुम्ही जास्त जवळ आहात. तिथंच थांबा, जमलं तर दोन पावलं मागं या.

जागा निवडताना जिथं पॅरासेलिंग आणि बनाना बोटी आहेत ते किनारे सोडा. नदी किंवा ओढा समुद्राला मिळतो तिथं गोड्या-खाऱ्या पाण्याचा चिखल असतो, आणि पक्षी त्या चिखलावर असतात.

लहान करड्या पक्ष्याला घाईनं नाव देणं

शरदात येणारे बहुतेक पक्षी विणीचा रंगीत पिसारा उतरवलेले किंवा त्याच वर्षी जन्मलेले असतात. पुस्तकातल्या ठळक चित्रासारखा एकही समोर नसतो. वाळूवर पळत-थांबत चालणारे लहान चिखल्या घ्या. आधी मानेमागं बघा. पांढरी पट्टी मागून पूर्ण फिरली असेल तर तो केंटिश चिखल्या. मान मागून करडीच असेल तर वाळूवरच्या दोन 'सँड प्लोव्हर'पैकी एक, लहान किंवा मोठा. इथं बहुतेक जण आकारावर जातात आणि फसतात, कारण शेजारी दुसरा नसेल तर आकार कळतच नाही. त्यापेक्षा चोच मोजा. चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर नजरेत धरा. चोच तेवढी किंवा त्याहून लांब आणि जाडसर असेल, पाय उंच आणि फिकट हिरवट असतील, तर मोठा. चोच आखूड नि पाय काळपट, तर लहान.

मग ई-बर्ड या पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या अ‍ॅपवर 'लेसर सँड प्लोव्हर' शोधायला जावं तर नाव सापडत नाही. अ‍ॅप बिघडलेलं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये या जातीच्या दोन जाती केल्या गेल्या, सायबेरियन आणि तिबेटन. आपल्या बाजूला येणारा तिबेटन, लडाख आणि तिबेटच्या पठारावर वीण करणारा. खात्री नसेल तर दोघांचं जोडनाव असलेला पर्याय यादीत आहे, तो निवडा.

कुरवांचंही तसंच. काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा, दोघांचीही डोकी या दिवसांत पांढरी असतात, कानापाशी फक्त एक गडद ठिपका. डोकं सोडून पंख बघा. उडताना पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरा त्रिकोण दिसला तर काळ्या डोक्याचा. पंखाचं टोक काळं आणि त्यात पांढरे ठिपके, चोच जाड, डोळा फिकट, तर तपकिरी डोक्याचा, तोही पूर्ण वाढलेला. पिल्लांना ते पांढरे ठिपके नसतात आणि डोळाही गडद असतो. मोठ्या कुरवांच्या वेगवेगळ्या वयांच्या पिसाऱ्यांत तर अनुभवी लोकही अडतात. 'कुरव, जात अनिश्चित' असं लिहायला काहीच हरकत नाही. सुरयांत मात्र चोच बरंच काम करते. नारिंगी चोच म्हणजे लहान तुऱ्याचा सुरय, पिवळट-हिरवट चोच आणि पाठ जास्त गडद म्हणजे मोठ्या तुऱ्याचा, आणि काळ्या चोचीला पिवळं टोक असेल तर सँडविच सुरय.

आणि एक सोपा उपाय, जो कोल्हापुरातच होतो. निघायच्या आधी दोन-तीन आठवडे कळंब्याच्या काठावर किंवा पंचगंगेच्या घाटापलीकडं तुतारींवर वेळ घाला. शेपूट सतत वरखाली करणारी सामान्य तुतारी, ठिपकेवाली तुतारी, डोळ्याभोवती पिवळं कडं असलेला छोटा कंठेरी चिखल्या, हे डोळ्यांत पक्के बसले की किनाऱ्यावर वेगळं काय ते आपोआप उठून दिसतं.

अख्ख्या दिवसाची एकच यादी

कोल्हापुरातून निघताना अ‍ॅप सुरू केलं, दाजीपूरला धनेश टिपला, फोंडा उतरताना पर्वत कस्तुर ऐकला, मालवणात सुरय, आणि रात्री घरी येऊन यादी पाठवली. अंतर तीनशे किलोमीटर, वेळ सोळा तास, ठिकाण 'मालवण'. ही यादी कशालाच उपयोगी नाही, कारण धनेश किनाऱ्यावर होता की घाटात हे कुणालाच कळणार नाही. शिवाय प्रत्येक भागात कुठला पक्षी किती दिसणं अपेक्षित आहे याची चाळणी अ‍ॅपमध्ये असते. दोन जिल्हे एकत्र केलेत की परीक्षकाचं विचारणारं पत्र येणारच.

ठिकाण बदललं की यादी बंद, नवी सुरू. घाटातल्या थांब्याची वेगळी, खाडीची वेगळी, पुळणीची वेगळी. एकाच किनाऱ्यावर सकाळभर असाल तर तासा-तासानं नवी काढली तरी चांगलं. यादी बंद करायची राहिली असेल तर पाठवून झाल्यावरही वेळ आणि अंतर दुरुस्त करता येतं. प्रत्यक्ष चाललात तेवढंच अंतर लिहा, आणि त्याच वाटेनं परत आला असाल तर एकाच बाजूचं. अंतर-वेळ आठवतच नसेल तर अंदाज ठोकून देऊ नका, ती नोंद 'हिस्टॉरिकल' या प्रकारात टाका.

शेवटी अ‍ॅप विचारतं, ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का? इथं 'हो' म्हणायचं असेल तर कावळे, घारी, साळुंक्या, जेट्टीवरचे बगळे, सगळे यादीत हवेत. फक्त नवलाईचे पक्षी लिहून 'हो' दाबलं की हिशोबात त्या किनाऱ्यावर कावळाच नव्हता असं होतं. २०२३च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला गेला, तो मुख्यतः सामान्य पक्षीनिरीक्षकांनी पाठवलेल्या अशाच याद्यांवर, आणि घटत चाललेल्यांमध्ये किनाऱ्याचे स्थलांतरित पक्षी ठळकपणे आहेत. तुमची प्रामाणिक यादी तिथं पोचते. म्हणून मला ही चूक फार लागते.

आकड्याच्या जागी नुसती फुली मारायचीही सवय मोडा. थवा मोठा असेल तर दहा मोजा, दहाचा पट्टा डोळ्यांत बसवा, असे किती पट्टे ते मोजा. मिश्र थव्यात शंभर पक्षी एका टोकापासून नीट तपासा आणि कुठले किती ते लिहा, मग तेच प्रमाण बाकीच्यांना लावा. आणि तोच थवा चक्कर मारून आला तर पुन्हा मोजू नका.

खाडीत नेटवर्क नसणं ही अडचण नाही. ई-बर्ड नेटशिवाय चालतं, फक्त त्या भागाचा पक्षीसंच आणि मर्लिन या पक्षी ओळखायच्या अ‍ॅपचा भारतासाठीचा संच घरच्या वायफायवर आधी उतरवून ठेवा.

खेकडा राजारामपुरीत

पक्ष्यांखेरीज किनाऱ्यावर नोंदवण्यासारखं खूप असतं. एक नांगी मोठी, एक छोटी असलेले चिखलातले खेकडे, वाळूत बिळं करणारे पांढुरके खेकडे, शिंपले, खाडीतलं पाणमांजर. शरदात तर आकाशात चतुरांचे थवे दिसतात. पँटाला फ्लेव्हेसेन्स नावाचा चतुर या दिवसांत भारतातून समुद्र ओलांडून मालदीवमार्गे आफ्रिकेकडं जातो. हे सगळं आयनॅचरलिस्ट या सगळ्या सजीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या अ‍ॅपवर टाकताना चूक होते ती ठिकाणाची. मित्रानं काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आला की त्यातली वेळ आणि ठिकाणाची माहिती गळून गेलेली असते. मग घरी बसून टाकलेला किनाऱ्यावरचा खेकडा नकाशावर कोल्हापुरातल्या राजारामपुरीत जाऊन बसतो. मूळ फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा, किंवा ठिकाण आणि तारीख हातानं भरा.

कॅमेऱ्यात जीपीएस नसेल तर दिवसाच्या सुरुवातीला मोबाईलच्या पडद्यावरच्या घड्याळाचा एक फोटो कॅमेऱ्यानं काढा. कॅमेऱ्याचं घड्याळ किती मागं-पुढं आहे ते त्यावरून कळतं आणि सगळ्या फोटोंच्या वेळा एकदम सरकवता येतात.

समुद्री गरुडाची घरटी याच हंगामात लागतात. घरट्याचं नेमकं ठिकाण उघड करू नका, नोंदीत ठिकाण झाकायची सोय आहे ती वापरा.

आवाजाच्या फिती

लाटांचा आवाज कानाला चालतो, ध्वनिमुद्रणात तो सगळं झाकून टाकतो. उघड्या पुळणीवर उभं राहून मुद्रण करू नका. सुरूच्या बनाच्या किंवा वाळूच्या उंचवट्याच्या आत या, पाठ समुद्राकडं करा, माईकला केसाळ टोपरं चढवा. ते नसेल तर वाऱ्याला अंगाचा आडोसा द्या. कांदळवनातल्या खंड्याचा आवाज किंवा रात्री उडत जाणाऱ्या तुतारीची शीळ अशीच हाती लागते. मोबाईल असला तरी मुद्रण डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवा, एमपीथ्रीत बारीक स्वर हरवतात. मुद्रणाच्या शेवटी तारीख, वेळ, ठिकाण आणि 'पक्षी दिसला की नुसता ऐकला' हे स्वतःच्या आवाजात बोलून ठेवा, सुरुवातीला नको.

खारं पाणी, खारा वारा

गाडीतल्या एसीतून काढलेल्या भिंगावर किनाऱ्याची दमट हवा लगेच वाफ धरते. पोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद करा, काचा उघडा, भिंगं पिशवीतच राहू द्या. मिठाचे कण बसलेलं भिंग कोरड्या कापडानं पुसलं तर ओरखडे पडतात. आधी फुंकणीनं उडवा, मग ओलसर कापड. ट्रायपॉडचे पाय घरी आल्यावर गोड्या पाण्यानं धुवा आणि सांधे उघडून वाळवा.

किनाऱ्यावर पडलेला पक्षी

पावसाळ्यात आणि अरबी समुद्रातल्या वादळांनंतर खोल समुद्रातले पक्षी दमून किनाऱ्यावर येऊन पडतात. त्यांना 'समुद्राचा आहे' म्हणून पाण्यात सोडणं ही सर्रास होणारी चूक आहे. दमलेला पक्षी बुडतो. भोकं असलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा, तोंडात पाणी ओतू नका, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आधी दोन फोटो, चोचीचा जवळून आणि पंखाचा.

पायात कडं किंवा रंगीत पट्टी असलेला पक्षी दिसला तर पट्टीचा रंग, ती कुठल्या पायात आहे, सांध्याच्या वर की खाली, दोन असतील तर वरची कुठली नि खालची कुठली, आणि अक्षरं वाचता आली तर ती, एवढं जागेवरच वहीत लिहा. पक्ष्याचा डावा पाय म्हणजे त्याचा डावा, तुमच्या समोर दिसणारा डावा नव्हे. ही माहिती फोटोसह बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला पाठवा, आणि अक्षरं अर्धवट वाचली असतील तर तेवढीच पाठवा, उरलेली अंदाजानं भरू नका.